‘कशाच्या मानाने?’ : शरीररचनेच्या शब्दांबद्दल वाचकांचे प्रश्न

शरीररचनाशास्त्रातल्या शब्दांविषयी आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. त्यात नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद शिकणारे आहेत, तसे एमआरआयचा रिपोर्ट हातात धरून बसलेलेही आहेत. उत्तरं शरीररचनाशास्त्राचे दोन अध्यापक आणि एक फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत. शब्द कॉलेजात आणि वॉर्डात जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. ‘अभिमध्य’ आणि ‘दूरस्थ’ कोशात शोभून दिसतात, पण वॉर्डात ‘मीडियल’ आणि ‘डिस्टल’च ऐकू येणार.

प्रश्न : बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता जीएनएमचं (नर्सिंग डिप्लोमाचं) पहिलं वर्ष. अँटेरियर (पुढचं), पोस्टेरियर (मागचं), मीडियल (मध्यरेषेकडचं), लॅटरल (मध्यरेषेपासून बाहेरचं) ही यादी रोज पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी सगळं उलटसुलट होतं. सुरुवात कुठून करू?
— विद्यार्थिनी, नांदेड

यादी आठवडाभर बाजूला ठेवा आणि आधी नीट उभ्या राहा. अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणजे ताठ उभं राहणं: नजर समोर, पावलं जवळजवळ आणि बोटं पुढे, हात शरीरालगत खाली सोडलेले, तळहात समोर. गडबड होते ती तळहातांपाशी. आपण सहज उभे राहतो तेव्हा तळहात मांडीकडे असतात आणि अंगठे पुढे. त्यामुळे ‘अंगठा अँटेरियर’ असं लिहिलं जातं. तळहात समोर फिरवलेत की अंगठा बाहेरच्या बाजूला जातो. म्हणून तो लॅटरल आणि करंगळी मीडियल. पेशंट कुशीवर असो, पालथा असो की शीर्षासनात, शब्द या उभ्या माणसावरूनच लावायचे. शीर्षासनातही डोकं पायांच्या सुपीरियरच, म्हणजे वरचंच.

आता दुसरी गोष्ट, आणि यादी उलटसुलट होण्याचं खरं कारण हेच आहे. यातला एकही शब्द एकटा उभा राहत नाही. ‘डोळा मीडियल की लॅटरल?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. नाकाच्या मानाने तो लॅटरल, कानाच्या मानाने मीडियल. कोपर खांद्याच्या मानाने डिस्टल (धडापासून दूर), मनगटाच्या मानाने प्रॉक्झिमल (धडाजवळ). म्हणून जर्नलमध्ये एकशब्दी उत्तर कधीच लिहू नका. ‘अमुक हे तमुकच्या लॅटरल’ असं पूर्ण वाक्य लिहा. वाक्य पूर्ण करायचं म्हटलं की ‘कशाच्या मानाने?’ हे विचारावंच लागतं आणि निम्म्या चुका तिथेच थांबतात.

सरावासाठी मायक्रोपोर टेपचे पाच तुकडे घ्या आणि मैत्रिणीच्या हातापायावर कुठेही चिकटवा. प्रत्येक तुकड्याबद्दल तीन वाक्यं, तीन वेगवेगळ्या खुणांच्या मानाने. कोपराच्या आतल्या खोलगट भागावरचा तुकडा घ्या: ‘खांद्याच्या डिस्टल, मनगटाच्या प्रॉक्झिमल, खालच्या शिरेच्या सुपरफिशियल (त्वचेच्या जास्त जवळ).’ रोज पंधरा मिनिटं पुरतात. आरशासमोर करू नका, डावं-उजवं तिथे फिरतं.

क्रमही महत्त्वाचा. आधी सुपीरियर-इन्फीरियर (वरचं-खालचं) आणि अँटेरियर-पोस्टेरियर, मग मीडियल-लॅटरल, त्यानंतर प्रॉक्झिमल-डिस्टल. इन्फीरियर आणि डिस्टल एकाच दिवशी घेऊ नयेत, कारण हातावर दोन्ही एकाच दिशेला जातात आणि फरक कळतच नाही. फरक पाहायचा तर पाऊल पाहा. बोटं टाचेच्या मानाने डिस्टल आहेत, पण इन्फीरियर नाहीत. टाच आणि बोटं दोन्ही जमिनीलाच टेकलेली असतात. बोटं टाचेच्या अँटेरियर आहेत. पावलाची वरची बाजू डॉर्सम, तळवा प्लँटर. हाताचा तळवा पामर आणि मागची बाजू डॉर्सम. एवढं झालं की सॅजिटल, कोरोनल हे प्लेन्स, म्हणजे शरीराच्या कल्पित छेदांच्या पातळ्या, घ्या. हालचालींचे शब्द सगळ्यात शेवटी.

प्रश्न : पेशंट ‘पाय दुखतो’, ‘कंबर धरली’, ‘पोटात कळ येते’ असं सांगतात. केसपेपरवर नेमकं काय लिहायचं? डॉक्टर म्हणतात, ‘नीट लोकेट करून लिहा.’
— स्टाफ नर्स, ग्रामीण रुग्णालय, धाराशिव जिल्हा

सगळ्यात उपयोगी वाक्य मराठीच आहे: ‘एका बोटाने दाखवा.’ पेशंटने एक बोट ठेवलं तर जागा मिळाली. पूर्ण पंजा फिरवला तर दुखणं पसरलेलं आहे. तेही लिहायचं, कारण तीही माहिती आहे.

‘पाय’ म्हणजे पेशंटच्या लेखी कमरेखालचं सगळं. शरीररचनेत मात्र मांडी वेगळी, ‘लेग’ म्हणजे फक्त गुडघा ते घोटा, आणि पाऊल वेगळं. तसंच ‘आर्म’ म्हणजे खांदा ते कोपर, आपला दंड. कोपर ते मनगट फोरआर्म. गंमत अशी की बोली मराठी इथे रोजच्या इंग्रजीपेक्षा नेमकी आहे. दंड, मांडी, पोटरी, नडगी, घोटा, चवडा हे शब्द पेशंटकडूनच वदवून घ्या: ‘पोटरीत की नडगीवर?’ पोटरी म्हणाला तर लेगची पोस्टेरियर बाजू, नडगी म्हणाला तर अँटेरियर. अर्धं काम तिथेच झालं.

‘कंबर’ हा शब्द सगळ्यात दगा देतो. कुणी पाठीच्या खालच्या मणक्यांवर हात ठेवतं, कुणी बाजूच्या हाडाच्या कडेवर, कुणी कुल्ह्यावर. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. कुल्ह्यावर मागे हात ठेवून ‘खुबा गेला’ म्हणणाऱ्यांचं मूळ पुष्कळदा मणक्यात असतं. म्हणून ‘कंबरदुखी’ एवढंच न लिहिता ‘लंबर भाग, मिडलाइन’ किंवा ‘उजवी ग्लुटियल (कुल्ह्याची) बाजू’ असं लिहा. ‘खांदा दुखतो’चीही तीच गत. मान आणि खांद्यामधला उतार दाखवला तर तो ट्रॅपेझियस स्नायू, खांद्याचा सांधा नव्हे.

पोटासाठी रोजच्या कामाला चार भाग पुरतात. बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ. नऊ भाग हवेत तर दोन उभ्या रेघा दोन्ही कॉलरबोनच्या मध्यातून खाली, आणि दोन आडव्या: एक सगळ्यात खालच्या बरगड्यांच्या कडेने, दुसरी कमरेच्या हाडाच्या कडेवरच्या उंचवट्यांमधून. बरगड्यांच्या मधली, बेंबीच्या वरची जागा एपिगॅस्ट्रियम, ओटीपोट म्हणजे हायपोगॅस्ट्रियम, ‘कुशीत दुखतं’ म्हणजे लंबर भाग, जांघेच्या वर इलियाक भाग. उजवं-डावं नेहमी पेशंटचं. जागेबरोबर वेळही लिहा. अपेंडिक्सची कळ पुष्कळदा आधी बेंबीभोवती येते आणि काही तासांनी उजव्या इलियाक भागात सरकते. ‘सकाळी बेंबीपाशी, दुपारी उजवीकडे खाली’ ही एक ओळ डॉक्टरला फार काही सांगून जाते.

जखमेची नोंद अशी हवी: ‘उजवा लेग, मीडियल बाजू, मीडियल मॅलिओलसच्या ५ सेंमी वर, ३ बाय २ सेंमी.’ मीडियल मॅलिओलस म्हणजे घोट्याचं आतलं हाड. नुसतं ‘पायाला जखम’ लिहिलं की कारणाचा धागाही हातचा जातो. याच जागेवरची जुनाट जखम बहुतेक वेळा शिरांच्या आजाराची असते. मधुमेहात संवेदना गेलेल्या पावलाची जखम तळव्यावर, दाब येतो तिथे होते. रक्तपुरवठा तुटल्याची जखम बोटांच्या टोकांना.

प्रश्न : माझ्या डाव्या गुडघ्याच्या एमआरआयमध्ये ‘मीडियल मेनिस्कसच्या पोस्टेरियर हॉर्नमध्ये ग्रेड २ सिग्नल’ असं आहे. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे. तोवर एवढं तरी कळेल का, की कुठे आणि काय?
— वाचक, ठाणे

कुठे, ते पूर्ण सांगता येतं. गुडघ्यात दोन मेनिस्कस असतात, अर्धचंद्राच्या आकाराच्या चिवट कूर्चेच्या गाद्या. मीडियल म्हणजे आतली, दुसऱ्या गुडघ्याकडची. पोस्टेरियर हॉर्न म्हणजे त्या अर्धचंद्राचं मागचं टोक, गुडघ्याच्या पाठीमागच्या घडीकडचं. ग्रेड १ आणि २ म्हणजे गादीच्या आतल्या भागात दिसणारा बदल. तो गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेला नसतो. पृष्ठभागापर्यंत पोचला की ग्रेड ३, आणि त्यालाच फाटलेली मेनिस्कस म्हणतात. वयाबरोबर ग्रेड २ चे बदल पुष्कळांना दिसतात. तुमच्या दुखण्याचं कारण तेच आहे की नाही, हे गुडघा हाताळून पाहिल्याशिवाय ठरत नाही. त्यासाठीच ती पुढच्या आठवड्याची वेळ.

फिल्म स्वतः पाहणार असाल तर दोन गोष्टी. आडव्या छेदाच्या चित्रात आपण जणू पेशंटच्या पायाकडून वर पाहत असतो, म्हणून पेशंटची उजवी बाजू चित्राच्या डावीकडे येते. आणि गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या समोरून काढलेल्या चित्रात बाहेरची बाजू कोणती हे कळत नसेल तर बारीक हाड शोधा. ते फिब्युला. ते नेहमी लॅटरल असतं. कोपऱ्यातलं ‘आर’ किंवा ‘एल’ अक्षर सापडलं नाही तरी आतलं-बाहेरचं एवढ्यावरून लागतं.

प्रश्न : फ्लेक्शन म्हणजे सांधा ‘पुढे’ वाकवणं असं शिकवलं. मग गुडघा मागे वाकतो, त्याला फ्लेक्शन का? आणि अंगठ्याचं तर काहीच जमत नाही.
— बीपीटी (फिजिओथेरपी पदवी), प्रथम वर्ष, नाशिक

‘पुढे’ हा शब्द व्याख्येतून काढून टाका. फ्लेक्शनमध्ये दोन हाडांमधला कोन कमी होतो, एक्स्टेन्शनमध्ये वाढतो. गुडघ्याची दिशा उलटी का, याचं उत्तर गर्भावस्थेत आहे. हातापायांचे अंकुर चौथ्या आठवड्यात फुटतात. पुढे साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात हात सुमारे ९० अंश बाहेरच्या बाजूला फिरतो आणि पाय तेवढाच आत. त्यामुळे कोपराचं टोक मागे गेलं आणि गुडघ्याचं पुढे आलं. हाताच्या फ्लेक्सर स्नायूंशी नातं सांगणारे पायाचे स्नायू म्हणूनच मांडीच्या आणि पोटरीच्या मागे सापडतात. पायावरची डर्मॅटोम्स (मज्जारज्जूच्या एकेका नर्व्हचे त्वचेवरचे पट्टे) पिळवटल्यासारखी तिरकी का जातात, हेही यातूनच समजतं. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न आवडीने विचारतात.

घोट्यापाशी फ्लेक्शन-एक्स्टेन्शन वापरूच नका, वाद होतो. पाऊल वर ओढलं तर डॉर्सिफ्लेक्शन, खाली दाबलं तर प्लँटरफ्लेक्शन.

अंगठा बाकी बोटांच्या मानाने जवळजवळ ९० अंशांत फिरलेला आहे. नख कुठे पाहतंय ते बघा, पटेल. म्हणून त्याच्या हालचालींचं प्लेनही फिरतं. हाताचा पंजा टेबलावर उताणा ठेवा. अंगठा तळहातावरून सरकवत करंगळीकडे न्या, हे फ्लेक्शन. टेबलाला लागूनच बाहेर न्या, हे एक्स्टेन्शन. आता सरळ छताकडे उचला, हे अ‍ॅबडक्शन. परत तळहाताला टेकवा, हे अ‍ॅडक्शन. छताकडे उचलताना वरून दाब देऊन पाहणं ही कार्पल टनेलमधली (मनगटात मीडियन नर्व्ह दबण्याच्या आजारातली) नेहमीची तपासणी आहे, कारण ते काम करणाऱ्या अ‍ॅबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिसला मीडियन नर्व्ह लागते. ही दिशा चुकली की तपासणी वेगळ्याच स्नायूची होते आणि उत्तर ‘नॉर्मल’ येतं.

बोटांचं अ‍ॅबडक्शन शरीराच्या मध्यरेषेपासून मोजत नाहीत. हातात ते मधल्या बोटापासून मोजायचं, पावलात दुसऱ्या बोटापासून.

सुपिनेशन-प्रोनेशनसाठी मराठीत तयार जोडी आहे: उताणा आणि पालथा. प्रोन आणि पालथा दोन्ही ‘प’ने सुरू होतात, एवढं पुरे. प्रसाद घेताना हात सुपिनेशनमध्ये असतो. तिथला ‘प्र’ मात्र फसवा आहे, त्याच्या नादी लागू नका.

प्रश्न : मी डॉक्टरांची डिक्टेशन ऐकून रिपोर्ट टाइप करते. सारखे ऐकू येणारे शब्द चुकतात. काही उपाय?
— वाचक, पुणे

चुकतात ते तुमच्याकडूनच नाही. अ‍ॅबडक्शन आणि अ‍ॅडक्शन या जोडीसाठी डॉक्टरही ‘ए-बी-डक्शन’, ‘ए-डी-डक्शन’ असं अक्षरं सुटी करून सांगतात. तुमचे डॉक्टर तसं सांगत नसतील तर बेलाशक तशी विनंती करा. एबी म्हणजे दूर नेणं, एडी म्हणजे जवळ आणणं.

बाकी जोड्यांसाठी कान सोडून वाक्यातला शेजार पाहा. ‘इलियम’ दोन आहेत. कमरेचं हाड असेल तर आसपास क्रेस्ट, फ्रॅक्चर, ग्लुटियल असे शब्द येतील. लहान आतड्याचा शेवटचा भाग असेल तर टर्मिनल, सीकम, लूप. देवनागरीत दोघांचं लेखन एकच, पण रोमन स्पेलिंगमध्ये हाडाला तिसरं अक्षर ‘आय’, आतड्याला ‘ई’. पेरोनियल असेल तर लेगची बाहेरची बाजू, फिब्युलाचा परिसर. पेरिनियल असेल तर गुदद्वार आणि जननेंद्रियांमधला भाग. या जोडीतला घोळ इतका जुना आहे की १९९८ च्या ‘टर्मिनोलॉजिया अ‍ॅनाटॉमिका’ या आंतरराष्ट्रीय शब्दसूचीने ‘पेरोनियल’ऐवजी ‘फिब्युलर’ला पसंती दिली. जुने सर्जन अजून पेरोनियल म्हणतात, नवी पुस्तकं फिब्युलर. तुम्ही डॉक्टर म्हणाले तेच टाइप करा, मनाने बदलू नका.

आणखी दोन: ‘इंटर’ म्हणजे दोहोंच्या मध्ये, जसं बरगड्यांमधलं इंटरकोस्टल, आणि ‘इंट्रा’ म्हणजे आत, जसं इंट्रामस्क्युलर. पाल्पेशन म्हणजे हाताने चाचपणं, पाल्पिटेशन म्हणजे धडधड. डावं-उजवं ऐकू आलं नाही तर अंदाजाने कधीच भरू नका. जागा कोरी सोडून विचारा.

प्रश्न : व्हायव्हात हाड हातात देतात आणि ‘कोणत्या बाजूचं?’ विचारतात. कधी बरोबर येतं, कधी नाही. बरोबर आलं तरी मार्क कापतात!
— एमबीबीएस, प्रथम वर्ष, मिरज

मार्क कापतात ते योग्यच आहे. तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: वरचं टोक कोणतं, पुढची बाजू कोणती, आतली बाजू कोणती. पहिल्या दोन नक्की झाल्या की तिसरी आपोआप बाजू सांगते. यातली एक चुकली तर बाजू उलटी येते. पण दोन एकदम चुकल्या, म्हणजे हाड उलटंही धरलं आणि मागचं पुढेही केलं, तर बाजू परत बरोबर येते! परीक्षकाला ते हाडाच्या धरण्यावरूनच दिसतं. म्हणून उत्तराआधी हाड स्वतःच्या शरीरापाशी, ज्या बाजूचं वाटतं तिथे धरा आणि एकेक कारण मोठ्याने सांगा.

क्लॅव्हिकल (कॉलरबोन) घ्या, सगळ्यात जास्त चुका त्यात होतात, कारण ते आडवं हाड आहे आणि वर-खाली पटकन कळत नाही. जाड, बोथट टोक छातीच्या मधल्या हाडाकडचं (स्टर्नमकडचं), म्हणजे मीडियल. चपटं टोक खांद्याच्या अ‍ॅक्रोमियनकडचं, म्हणजे लॅटरल. मीडियल बाजूचा दोन तृतीयांश भाग पुढे फुगीर, उरलेला एक तृतीयांश पुढून खोलगट. आता वर-खाली: बोट फिरवा. खालच्या बाजूला मधल्या भागात सबक्लेव्हियस स्नायूची लांबट खाच लागते आणि लॅटरल टोकाजवळ कोनॉइड ट्युबर्कलचा उंचवटा. वरची बाजू त्या मानाने गुळगुळीत. बहुतेक मुलं टोकं आणि बाक बरोबर सांगतात आणि खाच पाहतच नाहीत. तिथेच पन्नास टक्के वेळा डाव्याचं उजवं होतं.

बोन सेट घासून गुळगुळीत झालेला असेल तर खाच सापडत नाही. अशा वेळी दुसरा सेट मागून घ्या. चित्रावरून ही गोष्ट येत नाही, बोटांनाच यावी लागते.

प्रश्न : रचना शारीरमध्ये (आयुर्वेदातल्या शरीररचनेच्या विषयात) सुश्रुतांची हाडं ३००, चरकांची ३६०, आणि आधुनिक पुस्तकात २०६. परीक्षेत लिहितो सगळं, पण खरं काय?
— बीएएमएस विद्यार्थी, अहिल्यानगर

आकड्याआधी ‘हाड कशाला म्हणायचं?’ हे पाहा. सुश्रुतसंहितेत अस्थींचे पाच प्रकार आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. यातले रुचक म्हणजे दात आणि तरुण म्हणजे कूर्चा. चरकांच्या मोजणीत तर दातांबरोबर नखंही येतात. २०६ या आकड्यात दात नाहीत, नखं नाहीत, कूर्चा नाही, आणि जुळून एक झालेली हाडं एकच धरली आहेत. माकडहाडाचे तुकडे कितीही असोत, मोजायचे एक. नवजात बाळाचे सुटे तुकडे मोजले तर आकडा २०६ च्या बराच वर जातो, कारण ते अजून जुळायचे असतात.

उत्तरात ३०० ची विभागणी जरूर द्या: शाखांमध्ये १२०, मध्य शरीरात ११७, मानेच्या वर ६३. पण ‘आधुनिक शास्त्र चुकलं’ किंवा ‘प्राचीनांना मोजता येत नव्हतं’ असली वाक्यं लिहू नका, दोन्ही पोरकट आहेत.

प्रश्न : योगवर्गात ‘सॅजिटल’, ‘कोरोनल’ प्लेन समजावताना लोक गोंधळतात. आसनांवरून सांगता येईल का?
— योगशिक्षिका, डोंबिवली

छान येईल. पश्चिमोत्तानासन सॅजिटल प्लेनमध्ये: पुढे-मागे. त्रिकोणासनात कमरेचं वाकणं कोरोनलमध्ये: बाजूला. अर्धमत्स्येंद्रासनातला पीळ ट्रान्सव्हर्समध्ये: आडव्या पातळीत. पश्चिमोत्तानासनात एक गोष्ट लक्षात आणून द्या. वाकायचंय खुब्यातून, पण हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) ताठर असले की लोक पाठीतून वाकतात. हे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघा ओलांडून जातात. म्हणून गुडघे थोडे वाकवले की ते सैल पडतात आणि वाकणं खुब्यात येतं.

प्रश्न : स्नायूंची नावं इतकी लांबलचक का? आणि मनगटातली आठ हाडं लक्षात ठेवायला मराठीत काही युक्ती आहे का?
— पॅरामेडिकल विद्यार्थी, रत्नागिरी

लांब आहेत कारण त्यांत सगळी माहिती भरलेली आहे. ‘एक्स्टेन्सर कार्पाय रेडियालिस लाँगस’: काम एक्स्टेन्शन, कुठलं तर मनगटाचं, कोणत्या बाजूचं तर रेडियसच्या (फोरआर्ममधलं अंगठ्याकडचं हाड), आणि लांब. ‘लाँगस’ दिसलं की आखूड ‘ब्रेव्हिस’ही कुठेतरी असणार हे धरून चाला. टेनिस एल्बोत कोपराच्या बाहेर दुखतं ते मुख्यतः याच ब्रेव्हिसच्या उगमापाशी. ‘सुपरफिशियालिस’ (वरवरचा) असेल तर ‘प्रोफंडस’ (खोलवरचा) शोधा, ‘मेजर’ असेल तर ‘मायनर’.

आता स्वतःचंच मनगट पाहा. हात उताणा, अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा, मनगट किंचित वाकवा. मधोमध एक तटतटीत दोरी वर येते, ती पामारिस लाँगस. आली नाही तर दुसऱ्या हातावर बघा. काहींना ती नसतेच आणि त्यावाचून काही अडत नाही. तिच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुसरी जाड दोरी, ती फ्लेक्सर कार्पाय रेडियालिस. तिच्याही लॅटरल बाजूला बोट टेकवा, तिथे नाडी लागते. दोन दोऱ्यांच्या मध्ये, थोडी खोल, मीडियन नर्व्ह. करंगळीच्या बाजूला शेवटची दोरी फ्लेक्सर कार्पाय अल्नारिस. ती धरून खाली आलात की बोटाला वाटाण्याएवढं हाड लागतं, पिसिफॉर्म.

आठ हाडांसाठी हे घ्या: ‘सकाळी लवकर ट्रेनने पुणं, ट्रॅफिक, ट्रॅफिक, कंटाळा, हाल.’ स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. पहिली चार प्रॉक्झिमल ओळीत, अंगठ्याकडून करंगळीकडे. दुसरी चार डिस्टल ओळीत आणि तीही परत अंगठ्याकडूनच. दुसरी ओळ करंगळीकडून सुरू केली की हॅमेटच्या जागी ट्रॅपेझियम जातं. दोन ‘ट्रॅफिक’पैकी मोठं हाड ट्रॅपेझियम, आणि ते अंगठ्याच्या बुडाशी.

यातलं स्कॅफॉइड बोटाने शोधून ठेवा. अंगठा बाहेर ताणा, त्याच्या बुडाशी दोन दोऱ्यांमध्ये खळगा पडतो, पूर्वी लोक तपकिरीची चिमूट ठेवायचे तो. खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड आहे. हात टेकून पडलेल्या माणसाला तिथे दाबल्यावर दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी मनगट बांधून ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. या हाडातली बारीक भेग सुरुवातीला पुष्कळदा दिसत नाही. शिवाय त्याचा रक्तपुरवठा मुख्यतः डिस्टल बाजूकडून येतो, म्हणून भेग सुटून गेली तर प्रॉक्झिमल तुकडा रक्ताविना मरू शकतो.